कोरडं वजन

गाडी पडली तेव्हा ती चालत नव्हती. उभी होती. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि पुढे पेट्रोलपंपावरचं हवेचं मशीन मोकळं होण्याची वाट. पाणी वाहून जावं म्हणून तिथली जमीन डावीकडे किंचित उतरती केलेली आहे. त्याने डावा पाय टेकला, तो नेहमीच्या अंदाजापेक्षा दोन बोटं खाली गेला, आणि तेवढ्याने गाडी झुकली. झुकलेली गाडी एका मर्यादेपर्यंत नुसत्या मांडीने सावरता येते. त्यापुढे दोन माणसांनाही जड जाते. ही मर्यादा कुठे असते हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण ऐन तिशीपासून तो त्याच गाडीवर बसत आला होता. मर्यादा ओलांडली गेली हे त्याला कळलं. मग त्याचे हात उघडले. मुठी सुटल्या, उजवा पाय टाकीवरून निघून आला, आणि शेजारच्याच्या हातातला चहा सांडताना माणूस पटकन बाजूला होतो तसा तो बाजूला झाला. दोन पावलं पुढे जाऊन थांबला. मागे त्याची बायको बसलेली होती.

ती गाडीबरोबर खाली गेली. बाजूला लावलेल्या सामानाच्या डब्यामुळे गाडी जमिनीपासून वीतभर वर अडकली, आणि त्या पोकळीत तिचा पाय आला म्हणून वाचला. कोपर सोलवटलं. हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज त्याने ऐकला, पण त्या वेळी त्याची पाठ तिकडे होती. हवा भरणारा माणूस धावला, पेट्रोल भरणाऱ्या दोघी मुली धावल्या, आणि पलीकडे आपल्या नव्या गाडीवर बसलेला त्याचा कंत्राटदार मित्र धावला. चौघांनी मिळून गाडी उभी केली. तो त्या चौघांत नव्हता. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना संरक्षण असलेली विजार, असा सगळा जामानिमा करून तो उभा होता, एखाद्या दुकानाबाहेर कपडे घालून ठेवलेल्या पुतळ्यासारखा.

"अरे काय झालं? वहिनी, लागलं का कुठे?" कंत्राटदार म्हणाला.

"काही नाही हो भावजी," ती अजून पुरती उठलेलीही नव्हती. "मीच हलले. मागे वळून बघायला गेले ना, तर तोल गेला. यांनी चांगली धरली होती."

त्याने हेल्मेटची काच वर केली आणि तो म्हणाला, "किती वेळा सांगितलंय, गाडी उभी असताना हलायचं नाही."

"हो ना, चुकलंच," ती म्हणाली आणि कोपरातले खडे झटकू लागली.

"वहिनी, पुढच्या वेळी यांना मागे बसवा आणि तुम्ही चालवा. निदान कोण हललं ते कळेल तरी." कंत्राटदार हसला. मुली हसल्या. तोही हसला.

तो दातांचा डॉक्टर होता, आणि सोमवारी सकाळी पहिल्याच पेशंटच्या तोंडात आरसा घालताना त्याला आपलं ते वाक्य ऐकू आलं. ते पंपावर तयार झालेलं वाक्यच नव्हतं, ते इथलं होतं. इथे तो ते दिवसभर बोलतो. हलू नका. हललात तुम्ही. कधीतरी ड्रिल घसरतं, गालाच्या आतून बारीकसं कापतं, आणि तो हात बाजूला घेत शांतपणे म्हणतो, "तुम्ही हललात." पेशंटच्या तोंडात कापूस असतो, लाळ ओढणारी नळी असते, जबडा अर्धा बधिर असतो. पेशंट म्हणतो, "अं." त्या अंचा अर्थ हो असाच त्याने नेहमी घेतला होता. त्याच खुर्चीतल्या माणसांना तो मोटारसायकलींबद्दलही सांगत असे, कारण तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला काहीतरी ऐकायला हवं असतं, आणि त्याच्याइतकं चांगलं ऐकणारं दुसरं कुणी भेटत नाही. लांब पल्ल्याच्या जुन्या गाड्या आणि नव्या गाड्या हा त्याचा आवडता विषय. नवीन म्हणजे हलकं असं लोकांना वाटतं, तो म्हणायचा. नुसत्या प्लास्टिकमुळे वाटतं. माझी जुनी गाडी दोनशे अडतीस किलो. आताची त्याच ताकदीची नवी, दोनशे पंचेचाळीस. कुणाची, तर दोनशे साठ. इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, नळ्या, गाळण्या, हे सगळं वजनच ना? जरा मोठा आ करा. पेशंट म्हणायचा, अं.

कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांना हात टेकवायला शिकवलं होतं. अवजार तीन बोटांत, आणि चौथं बोट शेजारच्या दातावर टेकलेलं. का, तर पेशंट दचकला, त्याचं डोकं हललं, तर टेकलेल्या बोटामुळे आपला हातही त्याच्याबरोबरच हलतो. अवजार जागचं सरकत नाही, इजा होत नाही. शिकवणारे म्हातारे सर प्रत्येकाच्या कोपराला मागून येऊन अचानक धक्का द्यायचे आणि अवजार कुठे गेलं ते बघायचे. त्याचं कधी सरकलं नाही. सगळ्या वर्गासमोर सर म्हणाले होते, हा हात सोडणार नाही. इतकी वर्षं तो रोज दुसऱ्याच्या तोंडात बोट टेकवून, दुसऱ्याबरोबर हलत आला. आणि पंपावर, कुणी धक्कासुद्धा दिला नसताना, हात उघडले. उघडावे असं त्याने ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं, या शब्दांशी तो थोडा वेळ थांबला. चांगले शब्द होते. पण बोलायचं हे त्याने ठरवलं होतं. काच वर करायला वेळ लागतो. खटका दाबावा लागतो.

दुपारी पेशंट नसतात तेव्हा तो कधी नव्हे तो पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसला. दिवा बंद होता, तरी त्याच्या काचेत स्वतःचं तोंड उलटं दिसत होतं. तिचं वाक्य त्याला समजत होतं. ती तशीच होती. चारचौघांत ती त्याला तुम्ही म्हणायची, हे म्हणायची, आणि घराचं दार लागलं की तू. लग्नाआधी तीन वर्षं तूच होता. सासरी आल्यावर सासूबाईंसाठी तिने तुम्ही सुरू केलं, आणि सासूबाई गेल्यावरही ते चारचौघांपुरतं राहिलं, बाहेर जाताना घालायच्या चपलांसारखं. त्या तुम्हीच्या आड तिने त्याचं किती काय झाकलं होतं. एकाच मित्राच्या बायकोला दोनदा चुकीच्या नावाने हाक मारली, तर ही म्हणाली होती, अहो, मीच यांना चुकीचं सांगितलं. तेव्हा त्याला ते गोड वाटलं होतं. आपल्यासाठी कुणीतरी छत्री धरतंय असं. छत्री धरणाऱ्याचा खांदा भिजतो की नाही, हे बघायला माणूस मान वळवत नाही. पण झाकलेलं नुसतं झाकलेलं राहू द्यायचं तर तो गप्प बसू शकला असता. तिने धरलेली छत्री त्याने हातातून काढून घेऊन तिलाच तिच्या दांड्याने ढोसलं होतं, आणि तेही इतकं सहज की कंत्राटदाराला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आणि तिला माहीत होतं का? हा प्रश्न तो दिवसभर हातात घेऊन परत ठेवत होता. चष्म्याशिवाय तिला लांबचं नीट दिसत नाही, आणि हेल्मेटमध्ये ती चष्मा घालत नाही. शिवाय पडताना माणसाचं भान असतं कुठे. कदाचित तिला खरंच वाटलं असेल की आपण हललो. तो हे मनाशी पुरतं मांडतो न मांडतो तोच त्याला दिसायचं की मागे बसलेल्या माणसाला लांबचं बघायची गरजच नसते. तिच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, त्याची पाठ होती. आणि मग नव्हती.

कोपराची पट्टी तिने आपली आपण बांधली. त्याने कात्री हातात घेतली होती, तर म्हणाली, "राहू दे, कोपर तुझ्या खात्यात येत नाही." हसून म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि निवृत्त झाल्यापासून प्रवासाचा रस्ता ठरवायचं काम तिच्याकडे होतं. मागे बसून ती उजव्या खांद्यावर थाप मारायची, उजवीकडे. डाव्या खांद्यावर, डावीकडे. दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांब, मला काहीतरी बघायचंय. आणि बसताना, पाय फूटरेस्टवर नीट आले, मागचा दांडा हातात आला, की पाठीवर मधोमध दोन टिचक्या. म्हणजे निघ. त्या दोन टिचक्यांशिवाय तो कधी क्लच सोडत नसे. दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटाला चार-पाच गाड्या मिळून डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत जायच्या. यंदाची तारीख ठरली होती, नकाशावर तिने पेन्सिलने रेघ ओढून ठेवली होती. बुधवारी जेवताना ती म्हणाली, "मी नाही येत रे यंदा. तू जा भावजींबरोबर."

"का? कोपर तोवर बरं होईल."

"कोपराचं नाही. माझ्यामुळे तोल जातो. डोंगरात वळणावर गेला तर काय घ्या."

त्याने तिच्याकडे बघितलं. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, टोमण्यावर चिडता येतं, चिडून खरं बोलता येतं. पण ती ताटातली भाजी एका बाजूला सारत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, रस्ता बंद असल्याचं वर्गाला सांगताना असावा तसा, नुसता साधा निर्णय होता. तू हलली नव्हतीस. एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याने पाणी प्यायलं. "बघू," तो म्हणाला, "अजून वेळ आहे."

मुलीचा फोन आला तेव्हा तिने स्पीकर लावला, कारण पट्टीमुळे हात वाकत नव्हता. मुलगी दुसऱ्या शहरात असते आणि फोनवर घाईत असते. "आई, पडलीस म्हणे? कशी काय?"

"अगं उभी होती गाडी. मी हलले, झालं."

"तू ना! गप्प बसवत नाही तुला एका जागी. बाबा, आहेस का तिथे? तिला सांभाळ हां जरा. आणि ती अवजड गाडी काढून टाक आता, म्युझियममध्ये दे."

"अवजड नाही ती," तो म्हणाला. "नव्यांपेक्षा हलकी आहे."

"हो हो. दोनशे अडतीस. पाठ आहे मला. शाळेत पाढ्यांच्या आधी तेच शिकवलंस." दोघी हसल्या. तो हसत असल्याचा आवाज त्याने काढला.

दोनशे अडतीस हा आकडा खोटा नव्हता. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तो छापलेला होता, आणि त्याच्यापुढे एक शब्द होता: कोरडं. त्या काळात कंपन्या गाडीचं वजन कोरडं सांगत. टाकीत पेट्रोल नाही, इंजिनात तेल नाही, बॅटरी नाही, ब्रेकच्या नळ्यांत थेंब नाही. म्हणजे जिच्यावर बसून कुणीही कुठेही गेलेलं नाही अशा गाडीचं वजन. आता कंपन्या निघायला तयार गाडीचं सांगतात, टाकी काठोकाठ भरून. जुनीचं कोरडं आणि नवीचं भरलेलं शेजारी शेजारी ठेवायचं, ही चूक गाड्यांच्या नादी लागलेला प्रत्येक जण एकदा करतो. त्यानेही केली होती. एकदा. मग कधीतरी, पावसाळ्यात गाडी खोलून बसला असताना, तो शब्द त्याच्या नजरेला पडला. वाचला आणि पान उलटलं. त्यानंतरही तो आकडा सांगत राहिला, पेशंटना, मित्रांना, मुलीला, कारण तोपर्यंत तो आकडा त्याने बायकोला सांगून झाला होता.

ते झालं होतं शोरूममध्ये. काचेच्या भिंती, जमिनीत दिवे, आणि मधोमध कंत्राटदाराकडे आता आहे तीच नवी गाडी. तो पुढून, बाजूने, वाकून बघत होता. ती तेवढ्यात गाडीजवळ गेली, दोन्ही मुठी धरल्या, स्टँडवर कललेली गाडी सरळ उभी केली, आणि वीतभर पुढे, वीतभर मागे अशी हलवून बघितली. झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतात, तितक्या अंदाजाने. "अरे, ही हलकी आहे," ती म्हणाली. परक्या माणसासमोर तिच्या तोंडून अरे निसटलं, इतकी ती त्या मुठींमध्ये होती. "आपल्या गाडीपेक्षा कितीतरी."

"सीट खाली आहे म्हणून तुला तसं वाटतं. आकडे बघ. आपली दोनशे अडतीस, ही दोनशे पंचेचाळीस."

"आकडे असतील. माझ्या हाताला ही हलकी लागते."

"हाताला लागणं वेगळं आणि असणं वेगळं."

विकणारा माणूस त्याच्याकडे बघून हसला होता. तिच्याकडे नाही. ग्राहक हातचा जातोय हे कळत असूनही तो हसला होता, इतकी ती वाटणी त्या दोघांना सोयीची होती: आकडे इकडे, हात तिकडे. तिने गाडी पुन्हा स्टँडवर कलती करून ठेवली, मुठींवरून हात काढले, आणि बाहेर येऊन जुन्या गाडीवर त्याच्या मागे बसली. दोन टिचक्या. तेव्हापासून इमारतीच्या तळघरातून गाडी मागे काढताना चढाच्या तोंडाशी ती समोरच्या चाकाकडे जाऊन हँडलच्या मध्याला दोन्ही तळवे लावते आणि ढकलते. कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणतो, हां, हां, झालं, मी घेतो. आणि मग तो घेतो.

शुक्रवारी कंत्राटदाराचा फोन आला. "डॉक्टर, एक शंका आहे. तुझी गाडी हलकी, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. मग त्या दिवशी उचलताना माझी कंबर का धरली? रविवारी आमच्या खडीच्या यार्डावर ये. ट्रकचा काटा आहे, रविवारी रिकामाच असतो. दोन्ही गाड्या घालू. होऊन जाऊ दे एकदाचं. वहिनींना आण, साक्षीदार लागेल."

नाही म्हणण्यासाठी त्याला एकही कारण सुचलं नाही, आणि जी सुचली ती सगळी कोपराची होती, म्हणजे तिची. ती म्हणाली, "चल की. तेवढं जवळचं येईन मी." त्याने डबे काढून ठेवले, तेवढंच वजन कमी. पण टाकी भरलेलीच होती, त्या दिवसापासून गाडी हललीच नव्हती. ती मागे बसली. दोन टिचक्या आल्या. यार्डापर्यंतच्या रस्त्यात त्याने सगळ्या सिग्नलांवर पाय टेकायच्या आधी जमीन बघितली.

काटा म्हणजे रस्त्याच्या पातळीला बसवलेला लोखंडी पत्रा, ट्रक मावेल एवढा, आणि शेजारी एक खोली. खोलीच्या खिडकीवर बाहेर तोंड करून तांबडे आकडे. पत्र्यावर बारीक खडी सांडलेली होती, बुटांखाली करकरत होती. काटेवाला खिडकीतून डोकावला, दोन मोटारसायकली बघून त्याने पुन्हा एकदा रस्त्याकडे बघितलं. "ट्रक मागून येतोय का?"

"हाच ट्रक," कंत्राटदार म्हणाला. "बारीक झालाय."

नवी गाडी आधी गेली, स्टँडवर, एकटी. दोनशे पंचेचाळीस. कंपनी सांगते तेवढीच, एक किलो इकडे ना तिकडे. काटा पाच-पाचनेच सरकतो, तरीही. मग कंत्राटदाराने जुनीला हात दाखवला. ती दोघं बसलेल्या बसल्याच पत्र्यावर आली होती, आणि ती उतरू लागली तसा काटेवाला म्हणाला, "थांबा, थांबा, बाई. उतरू नका. इथे आधी भरलेली घेतो, मग माल उतरवायचा, मग रिकामी. फरक निघतो तो मालाचा."

"ऐकलंत का वहिनी, तुम्ही माल."

"नाशवंत आहे हो भावजी. लवकर उतरवा."

चारशे पाच. काटेवाल्याने मान हलवली, आणि ती उतरली. उजव्या फूटरेस्टवर भार देऊन, त्याच्या खांद्याला हात लावून, जराही धक्का न देता, नेहमी उतरायची तशी. आपण तिच्या उतरण्याची कधी जाणीवसुद्धा ठेवली नाही, हे त्याच्या लक्षात आलं, कारण आज तो ती जाणीव शोधत होता आणि ती सापडत नव्हती. गाडी हललीच नाही. तांबडे आकडे तेवढे हलले. तीनशे पंचावन्न. "फरक पन्नास," काटेवाला सवयीने ओरडला, ट्रकच्या केबिनपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात. तो आकडा यार्डभर गेला. मग डॉक्टर स्वतः उतरला. स्टँड लावताना गाडी डावीकडे कलली, त्याने मुठी आवळल्या, आणि स्टँडने तिला धरलं. दोनशे सत्तर.

"दोनशे सत्तर!" कंत्राटदाराने टाळी वाजवली. "डॉक्टर, बत्तीस किलो कुठे लपवले होते इतकी वर्षं? वहिनी, तुम्हीच सांगा, तुम्ही तेव्हा शोरूममध्ये काय म्हणाला होतात? माझीच गाडी हलवून बघितली होतीत ना? यानेच सांगितलं होतं मला, गंमत म्हणून."

"मला कुठलं आठवतंय," ती म्हणाली.

कंत्राटदार अजून हसत होता. त्याचं सगळं आयुष्य याच खिडकीसमोर भरलेल्यातून रिकामं वजा करण्यात गेलेलं, त्यामुळे वजाबाकी त्याच्या चेहऱ्यावर आपोआप चालू राहिली असावी. त्याने तांबड्या आकड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे, तिच्या कोपराच्या पट्टीकडे. "पन्नास," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही एवढ्याशा हललात, आणि ही पडली?" ते गमतीत सुरू झालेलं होतं आणि अर्ध्यावर गमतीतून बाहेर पडलं.

"जोरात हलले ना," ती म्हणाली.

मग कंत्राटदाराने त्याच्याकडे बघितलं. आरोप करावा तसं नाही; दार उघडून धरावं आणि दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं, तसं. बायको मात्र खडीच्या ढिगाकडे बघत होती. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. त्याने ओठ ओले केले.

"टाकी भरलेली आहे," तो म्हणाला. "पेट्रोलचेच सोळा किलो होतात. शिवाय तेल, बॅटरी. दोनशे अडतीस हे कोरडं वजन आहे. तसं बघितलं तर दोन्ही कोरडी तोलायला हवीत. म्हणजे तुलना बरोबर होईल." त्याला आपला आवाज ऐकू येत होता. क्लिनिकमधला आवाज, शांत, समजावणारा. समोर कुणाच्याही तोंडात कापूस नव्हता.

"हां," कंत्राटदार म्हणाला. "मग बरोबर आहे." आणि हे इतकं हळुवार म्हणाला, आजाऱ्याच्या उशाशी म्हणावं तसं, की डॉक्टरला वाटलं, याने टाळी वाजवून हसायला हवं होतं. चहा झाला. चहा पिताना कंत्राटदार पावसाबद्दल बोलला, खडीच्या भावाबद्दल बोलला, समुद्राच्या सहलीबद्दल बोलला नाही.

निघताना त्याने गाडी सरळ केली, दोन्ही पाय खडीत घट्ट रोवले आणि मान न वळवता म्हणाला, "बस." ती बसली. तो टिचक्यांची वाट बघत राहिला. मागून हालचाल नव्हती. पाय फूटरेस्टवर आले असतील, दांडा हातात आला असेल, एवढा वेळ गेला. तो थांबून राहिला, मग कंत्राटदाराची गाडी फाटकातून बाहेर पडलेली दिसली, आणि त्याने क्लच सोडला. टिचक्यांशिवाय गाडी निघाली, तशी काही अडचण आली नाही.

मोठ्या रस्त्यावरचा पहिला सिग्नल लाल होता. त्याने जमीन बघितली, सपाट होती. डावा पाय टेकला, मग उजवाही. खाली बघतच होता म्हणून त्याला दिसलं की त्याच्या बुटांच्या मागे, दोन्ही बाजूंना, आणखी दोन पाय खाली आलेले आहेत. मागची सीट उंच आहे आणि ती बुटकी. बुटांची टोकं जेमतेम जमिनीला लागत होती, एकदा हे, एकदा ते. पोटऱ्या ताणलेल्या दिसत होत्या. इतक्या वर्षांत तिने मागून कधी पाय खाली सोडले नव्हते.

"पाय वर घे," तो म्हणाला. "मी धरलीय."

"राहू दे. तू तुझे टेक."

पुढे एक बस होती. बसच्या मागच्या काचेत दोन हेल्मेटं दिसत होती, एकापुढे एक. त्याने हेल्मेटची काच वर केली. खटका नेहमीसारखाच वाजला.

"तू हलली नव्हतीस," तो म्हणाला.

मागून तिचा आवाज आला, घरातला, दार लागल्यानंतरचा. "ते मला कशाला सांगतोस?"

डाव्या बाजूला कंत्राटदार आधीच येऊन थांबला होता, हातभर अंतरावर. आपल्या हलक्या गाडीवर एक पाय टेकून तो समोर बघत होता, मुद्दाम समोर. डॉक्टरने मान वळवली. "शेठ," त्याने हाक मारली. कंत्राटदाराने बघितलं. "ती हलली नव्हती. त्या दिवशी."

कंत्राटदाराने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. जुन्या इंजिनाचा आवाज मोठा आहे, उभी असताना तर जास्तच. "काय? मोठ्याने बोल."

सिग्नल हिरवा झाला. बस निघून गेली आणि पुढचा रस्ता उघडा पडला. मागे कुणीतरी हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. पलीकडच्या रिक्षातली बाई वाकून बघू लागली. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि गाडीचं सगळं वजन त्याला मांड्यांवर जाणवलं. मागचे दोन पाय अजून खालीच होते. तो कंत्राटदाराकडे वळला आणि मोठ्याने बोलू लागला.